मुलाच्या मॅचची तारीख-वेळ ऑनलाइन सापडत नाही? फोनाफोनी करायच्या आधी एवढं तपासा

पाऊस थोडा कमी झाला आणि शालेय स्पर्धा सुरू झाल्या की आमच्या पालकांच्या ग्रुपवर दरवर्षी तेच चालू होतं, उद्या नक्की किती वाजता, ग्राउंड कुठलं, लिंक आहे का कोणाकडे. घरात एक मैदानी स्पर्धावाली आणि एक बुद्धिबळवाला असल्यामुळे दोन्हीकडची शोधाशोध माझ्याकडेच असते आणि आता वर्गातले बाकीचे आईबाबापण मलाच विचारतात. प्रॉब्लेम बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी अडकलेला असतो म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. सोप्यापासून अवघडाकडे असा क्रम आहे, वरून खाली जा, मधेच उत्तर मिळालं तर थांबा.

आधी लक्षणं बघा, तुमचं कुठलं आहे ते ओळखा

- गुगल केलं की वेळापत्रक येतं पण ते दोन-तीन वर्षांपूर्वीचं असतं
- पीडीएफ उघडते पण त्यात शाळेचं नाव सर्च केलं की काहीच सापडत नाही, आणि कॉपी केलं तर भलतीच इंग्रजी अक्षरं पेस्ट होतात
- व्हॉट्सअॅपवर फोटो आलाय, झूम केला की आकडे फुटतात
- दोन ग्रुपवर दोन तारखा
- तारीख मिळाली पण वेळ नाही, किंवा सगळ्या वयोगटांना सरसकट सकाळी ८ लिहिलंय
- बुद्धिबळात पहिला राउंड दिसतो, पुढचे दिसतच नाहीत
- सगळं सापडलं पण मुलाचं नावच यादीत नाही

शेवटचं लक्षण असेल तर मधलं काही वाचत बसू नका, थेट खाली अगदी शेवटच्या परिच्छेदात जा कारण तिथे वेळ महत्त्वाचा आहे.

१. हातात आहे तोच कागद नीट वाचा (फुकट, दोन मिनिटं)

हे सांगायला साधं वाटतं पण निम्मे प्रश्न इथेच सुटतात. आपण कागद उघडतो आणि सरळ आपल्या खेळाच्या ओळीवर उडी मारतो, वरचं आणि खालचं वाचतच नाही. वर बघायचं ते वर्ष, "सन २०२५-२६" असं शैक्षणिक वर्ष लिहिलेलं असतं. मग स्पर्धेचा स्तर, म्हणजे तालुका आहे की जिल्हा की विभाग. खाली सहीजवळची तारीख, कारण दोन वेगवेगळे कागद फिरत असतील तर नंतरच्या तारखेचा खरा. "सुधारित" असा शब्द कुठे आहे का तेही बघा, पावसाने ग्राउंड खराब झालं, परीक्षा आल्या, निवडणूक लागली की सुधारित वेळापत्रक निघतं आणि जुनं मात्र ग्रुपवर फिरतच राहतं, ते कोणी डिलीट करत नाही.

वयोगट पण इथेच तपासा. बहुतेक शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात आणि वय १ जानेवारीच्या हिशोबाने धरतात, इयत्तेच्या नाही. उदाहरणार्थ २०२४-२५ साठी १४ वर्षांखालील गटात १ जानेवारी २०११ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं होती. त्यामुळे एकाच आठवीच्या वर्गातली दोन मुलं वेगळ्या गटात असू शकतात आणि त्यांच्या तारखाही वेगळ्या असू शकतात, मैत्रिणीच्या आईने सांगितलेली तारीख बरोबरच असते, फक्त ती तिच्या मुलीची असते. मुलगे आणि मुली यांचे दिवसही बऱ्याचदा वेगळे असतात.

अजून एक बारीक गोष्ट, आकडे मराठी असतील आणि फोटो अंधुक असेल तर १ आणि ९ यांची फार गल्लत होते. ११ तारीख की १९ तारीख असा संशय आला तर शेजारचा वार बघा. कॅलेंडरमध्ये त्या तारखेला तो वार येतो का हे पाहिलं की लगेच कळतं. हीच युक्ती जुना कागद पकडायलाही चालते, वार जुळत नसेल तर तो कागद बहुतेक मागच्या वर्षीचा असतो.

२. व्हॉट्सअॅप आणि फोनमधली जुनी फाइल (फुकट)

ग्रुपच्या नावावर टॅप केलं की मीडिया, लिंक्स, डॉक्स असं एकत्र दिसतं. त्यातल्या डॉक्समध्ये बघा, मेसेजांच्या गर्दीत वर जात बसायची गरज नाही. सरांनी पीडीएफ टाकलेली असते आणि तिच्यावर शंभर "ओके सर" आणि नमस्काराचे हात आलेले असतात, म्हणून ती दिसत नाही एवढंच.

फोटो फुटत असेल तर ज्याने टाकला त्याला सांगा की "डॉक्युमेंट म्हणून पाठवा". साधा फोटो पाठवला की व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं आणि पहिल्यांदा बारीक आकडेच जातात. आणि तोच फोटो पाच ग्रुप फिरून आलेला असला तर अजूनच वाट लागलेली असते.

मग फोनचं डाउनलोड्स बघा. वेबसाइटवर कधी कधी त्याच लिंकवर नवीन फाइल चढवतात, नाव तेच राहतं, आणि आपण मात्र मागच्या आठवड्यात उतरवलेली फाइल उघडून बसतो. नावापुढे कंसात १, २ असे आकडे असलेल्या फायली दिसल्या की समजायचं हाच प्रकार आहे. जुन्या सगळ्या डिलीट करा, लिंक परत उघडा आणि फाइल नव्याने उतरवा.

३. स्पर्धा कोणाची आहे ते ठरवा (फुकट, पण डोकं लागतं)

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि हीच सगळे सोडतात. आपण खेळाचं नाव टाकून तारीख शोधतो, पण तारीख खेळाकडे नसते, आयोजकाकडे असते. एकाच मुलीच्या खो-खोच्या एकाच मोसमात तीन वेगळ्या लोकांच्या स्पर्धा असू शकतात आणि त्या तिघांचा एकमेकांशी वेळापत्रकापुरता काही संबंध नसतो.

पहिल्या म्हणजे शालेय स्पर्धा. या राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या, जिल्ह्यात त्या जिल्हा क्रीडा अधिकारी (डीएसओ) कार्यालय घेतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग स्कूल गेम्स फेडरेशनची राष्ट्रीय, अशी वर चढत जाणारी साखळी असते. विभाग आठ आहेत, मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती आणि नागपूर. इथे एक गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही ती अशी की महानगरपालिकेचं क्षेत्र बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र युनिट धरतात. म्हणजे पुणे शहर वेगळं, पिंपरी-चिंचवड वेगळं आणि पुणे ग्रामीण वेगळं. तुम्ही वाकडला राहता आणि "पुणे जिल्हा शालेय कबड्डी" असं शोधून ग्रामीणचं वेळापत्रक धरून बसलात तर ग्राउंडही चुकणार आणि दिवसही. राहायचा पत्ता इथे बघायचा नाही, शाळा कुठल्या हद्दीत आहे ते बघायचं.

दुसऱ्या संघटनांच्या स्पर्धा, म्हणजे जिल्हा खो-खो असोसिएशन, जिल्हा अॅथलेटिक्स संघटना वगैरे. त्यांचे वयोगट वेगळे असू शकतात, नोंदणी वेगळी असते, निवड चाचणी वेगळी असते, आणि माहिती वेबसाइटपेक्षा संघटनेच्या फेसबुक पेजवर किंवा क्लबच्या कोचकडे लवकर येते.

तिसऱ्या खुल्या किंवा खासगी स्पर्धा, कोणत्यातरी क्लबने, मंडळाने, अकॅडमीने भरवलेल्या. त्यांचं सगळं एका पत्रकावर असतं आणि खाली आयोजकाचा नंबर असतो, तिथे बाकी काही शोधायची गरजच नाही.

मुंबईतल्या पालकांचा गोंधळ अजून मोठा असतो. तिथे मुंबई शहर आणि मुंबई उपनगर असे दोन जिल्हे आहेत, शिवाय मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन (एमएसएसए) ही १८९३ पासूनची स्वतंत्र संस्था आहे. हॅरिस शील्ड, जिच्यात १९८८ साली तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ ची भागीदारी केली, आणि लहान मुलांची गाइल्स शील्ड या तिच्या क्रिकेट स्पर्धा. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या पानावर त्या शोधून मिळणार नाहीत. शाळेतून निरोप आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, "डीएसओची आहे की एमएसएसएची?"

हे एकदा पक्कं झालं की पुढचा शोध अर्धा होतो.

४. शोधायचे शब्द बदला (फुकट)

आपण घरात जे म्हणतो ते परिपत्रकात लिहिलेलं नसतं. अॅथलेटिक्स म्हणून शोधलं तर कमी सापडतं, "मैदानी स्पर्धा" टाकून बघा. स्विमिंग म्हणजे "जलतरण", आर्चरी म्हणजे "धनुर्विद्या". ड्रॉ किंवा फिक्स्चरला "भाग्यपत्रिका" म्हणतात, तो शब्द टाकला की कोणाची मॅच कोणाशी तो कागद निघतो. वेळापत्रकाऐवजी "कार्यक्रम पत्रिका" असंही लिहितात.

स्पेलिंगचा पण त्रास आहे. बुद्धिबळ हे "बुध्दिबळ" असं टाइप केलेलं इतक्या ठिकाणी असतं की दोन्ही टाकून बघायलाच लागतं. हँडबॉल, हॅण्डबॉल, हॅन्डबॉल हे तिन्ही चालू आहेत. ॲथलेटिक्समधला पहिला "ॲ" सुद्धा कॉम्प्युटरवर दोन-तीन प्रकारे उमटतो, दिसायला सारखा पण मशीनला वेगळा.

शब्दांसोबत जिल्ह्याचं नाव आणि शैक्षणिक वर्ष टाकायलाच हवं. आणि गुगलमध्ये सर्च टूल्सखाली "मागचा आठवडा" किंवा "मागचा महिना" निवडता येतं ते निवडा. जुनी पानं वर येतात कारण त्यांच्यावर वर्षानुवर्षं लोक क्लिक करत आलेत, नवीन कागद परवा चढवलाय तो अजून गुगलने पाहिलेलासुद्धा नसेल. म्हणून दोन-तीन वेळा शोधून नाही मिळालं तर गुगल बंद करा आणि आयोजकाच्याच साइटवर जाऊन सूचना किंवा परिपत्रकांची यादी उघडून वरून तारखेप्रमाणे वाचत या.

५. पीडीएफमध्ये नाव सापडत नाही (थोडं कटकटीचं)

तुम्ही "फाइंड"मध्ये शाळेचं नाव टाकता, शून्य रिझल्ट येतो आणि वाटतं आपली शाळा नाहीच यात. थांबा, असं लगेच धरू नका. याची दोन कारणं असतात. एक, कागद प्रिंट काढून सही करून परत स्कॅन केलेला असतो, म्हणजे तो नुसता फोटो आहे, त्यात अक्षरं म्हणून काही साठवलेलंच नाही. दोन, कागद श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. त्यात डोळ्यांना मराठी दिसतं पण आतमध्ये इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, म्हणून युनिकोड मराठीत, म्हणजे आपण फोनवर लिहितो तशा मराठीत, टाइप केलेलं काहीच जुळत नाही आणि कॉपी केलं तर कचरा पेस्ट होतो. गुगलवर असे कागद न सापडण्याचंही हेच कारण आहे.

ओळखायची रीत, एखाद्या ओळीवर बोट दाबून धरा. काहीच सिलेक्ट होत नसेल तर बहुतेक स्कॅन आहे. सिलेक्ट होतंय पण पेस्ट केल्यावर इंग्रजी चिन्हं येतात तर जुना फॉन्ट. दोन्हीवर उपाय एकच, पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि गुगल लेन्सने वाचून घ्या, त्यातून जे शब्द येतील त्यात शोधा. लेन्सने वाचलेल्या आकड्यांवर मात्र विसंबू नका, तारीख आणि वेळ मूळ कागदावर डोळ्यांनी बघूनच लिहून घ्या. दहा-बारा पानं असतील तर सरळ डोळ्यांनी वाचलेलंच लवकर होतं.

६. बुद्धिबळ आणि बॅडमिंटनवाल्यांसाठी

बुद्धिबळाच्या बहुतेक स्पर्धांचं पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ते, चेस-रिझल्ट्स साइटवर येतं. पुढचा राउंड का दिसत नाही याचं कारण स्विस पद्धत, त्यात आधीच्या राउंडचे सगळे डाव संपल्यावर गुणांप्रमाणे नवीन जोड्या लागतात. एक डाव लांबला तरी सगळ्यांचं पेअरिंग थांबतं. म्हणजे आदल्या रात्री तिसऱ्या राउंडचा बोर्ड नंबर शोधण्यात अर्थ नाही, तो तेव्हा अस्तित्वातच नसतो. राउंडच्या वेळा मात्र आधी ठरलेल्या असतात, आयोजकाने भरल्या असतील तर स्पर्धेच्या पानावर वेळापत्रकाची वेगळी लिंक असते, ती उघडा.

नाव सापडत नसेल तर आडनाव आधी टाकून बघा. अंडर-९, अंडर-११, अंडर-१३ अशा प्रत्येक गटाचं पान वेगळं असतं, दुसऱ्या गटाच्या पानावर शोधत असाल तर कितीही शोधलं तरी मिळणार नाही. सुरुवातीच्या यादीतला नंबर हा रँकिंगचा असतो, तो बोर्ड नंबर नाही, लहान मुलं तो पाहून भलत्या टेबलावर जाऊन बसतात. पान एकदा सापडलं की लिंक जपून ठेवा, तिच्यातला टीएनआर (tnr) या अक्षरांच्या पुढचा आकडा त्या गटापुरता शेवटपर्यंत तोच राहतो. आणि संपून काही दिवस झालेली स्पर्धा उघडली तर पान रिकामं वाटतं, पण तिथे माहिती दाखवण्याचं एक बटण असतं ते दाबलं की सगळं येतं.

उशिराबद्दल एक गोष्ट नक्की माहीत असू द्या. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या, नियमाप्रमाणे किती उशीर चालेल हे आयोजकाने आधी जाहीर करायचं असतं, आणि केलं नसेल तर तो वेळ शून्य धरतात, म्हणजे डाव सुरू झाल्यावर पोचलात तर डाव गेला. पत्रकात ही ओळ शोधाच.

बॅडमिंटनच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धा टूर्नामेंट सॉफ्टवेअर नावाच्या साइटवर असतात, ड्रॉ आधी येतो, वेळा नंतर. "नॉट बिफोर" असं दिसलं तर त्याचा अर्थ त्याच्या आधी मॅच लागणार नाही एवढाच, नेमकी वेळ ती नाही. क्रिकेटसाठी क्रिकहीरोज अॅपवर पुढच्या मॅच दिसतात पण आयोजकाने भरल्या तरच, तिथे काही नाही याचा अर्थ मॅच नाही असा होत नाही.

७. वेळ मिळाली, पण ती कशाची वेळ?

सगळ्यांना सकाळी ८ लिहिलेलं असतं ती बहुतेक हजेरीची वेळ असते. त्यानंतर ओळखपत्रं तपासणी, उद्घाटन, मग स्पर्धा. रिपोर्टिंग ८ चं आणि रेस साडेअकराला असं सर्रास होतं, आणि काही पालक रेसची वेळ ऐकून अकराला मुलाला सोडतात, मग अवघड होतं. अॅथलेटिक्समध्ये रेसच्या आधी कॉलरूमला, म्हणजे खेळाडूंना जमवतात त्या जागी, नाव द्यावं लागतं. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंगमध्ये वजनाची वेळ वेगळी असते, आणि वजन चुकलं तर लढत कितीही वाजता असली तरी उपयोग नाही. म्हणून कागदावर "हजेरी", "रिपोर्टिंग", "वजन" हे शब्द शोधा आणि त्यातली सगळ्यात आधीची वेळ धरून घरातून निघा. डबा, पाणी, ओळखपत्र सोबत.

कधी थांबायचं आणि कोणाला फोन करायचा

वरचं सगळं करायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. त्याच्या पुढे ऑनलाइन शोधू नका. शिवाय खालीलपैकी काही असेल तर अर्धा तासही घालवू नका, सरळ फोन करा: स्पर्धा उद्यावर आलीय आणि दोन तारखा फिरतायत, दोन्ही कागद सहीचे आहेत पण जुळत नाहीत, रात्रभर पाऊस पडलाय आणि ग्राउंडचं काही कळत नाही.

पहिला फोन क्रीडाशिक्षकांना किंवा कोचना. त्यांच्याकडे संयोजकांचा वेगळा ग्रुप असतो आणि बदल पहिल्यांदा तिथे येतो, वेबसाइटवर नंतर, कधी कधी येतच नाही. ते उचलत नसतील तर शाळेचं ऑफिस. मग स्पर्धेचे संयोजक किंवा तालुका क्रीडा अधिकारी, आणि शेवटी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय, तेही ऑफिसच्या वेळेत, शनिवार-रविवारी तिथे कोणी भेटेल असं धरू नका. खासगी स्पर्धेला आयोजकाचा नंबर, बुद्धिबळाला चीफ आर्बिटर म्हणजे मुख्य पंच. एकाच शाळेच्या वीस पालकांनी वीस फोन करू नका, एकाने करा आणि ग्रुपवर टाका, त्या संयोजकांनाही ग्राउंडवर लाइनी आखायच्या असतात.

फोनवर "मॅच कधी आहे" असं विचारलं तर उत्तर मिळत नाही कारण समोरच्याकडे त्या दिवशी दहा मॅच असतात. खेळ, वयोगट, मुलगे की मुली, स्तर आणि शाळेचं नाव हे एका दमात सांगा आणि मग हजेरीची वेळ आणि ठिकाण एवढंच विचारा. ऐकलं ते परत वाचून दाखवा.

कोणत्या अनोळखी लिंकवर "नाव कन्फर्म करायला" पैसे किंवा आधार मागितलं तर भरू नका, शालेय स्पर्धेची नोंदणी शाळेमार्फतच होते. आणि जन्मदाखला, आधारचा फोटो दीडशे लोकांच्या ग्रुपवर टाकू नका, सरांना स्वतंत्र पाठवा.

आता नाव यादीत नसेल तर. इथे पालक म्हणून ऑनलाइन तुम्ही काहीही दुरुस्त करू शकत नाही, शाळेच्या नोंदणीचं लॉगिन शाळेकडे असतं. आधी खात्री करा की तुम्ही बघताय ती खेळाडूंची यादी आहे, सांघिक खेळाच्या भाग्यपत्रिकेत फक्त शाळांची नावं असतात. खेळाडूंचीच यादी असेल तर तिचा स्क्रीनशॉट, मुलाची जन्मतारीख आणि वयोगट असं सरांना पाठवा आणि लगेच फोन करा, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी शाळेत प्रत्यक्ष जा. दुरुस्ती करायची ती प्रवेशिकेची मुदत असेपर्यंतच, मुदत गेल्यावर ग्राउंडवर टेबलाशी कितीही बोललात तरी त्या माणसाच्या हातात काही नसतं.